भांड्यांची लॅकर आणि सरांचं कव्हर

पॉलिशच्या दुकानात दोन गोष्टी साचतात, काळी भुकटी आणि किस्से. भुकटी संध्याकाळी झाडता येते. किस्से तोवर चहाच्या टपरीवर पोचलेले असतात, आणि आमच्या बहुतेक किश्श्यांत गाढव मीच असतो. लोक हसतात, मीही हसतो. पण त्यातला एक सांगताना अजून माझी मान वर होत नाही.

दुकान भंडाऱ्यात. माझ्या वासुदेवकाकांचा जन्म पितळेची भांडी चमकवण्यात गेला. ते काम कमी झालं, तसे मी जुन्या गाड्यांच्या इंजिनाचे अ‍ॅल्युमिनियमचे पार्ट घ्यायला लागलो. हौशी माणसं बॉनेट उघडून दाखवतात, त्यांना आत आरसा लागतो! चमक आणणं सोपं. ती टिकायला वरून काय लावायचं, इथेच आमचं घोडं अडलं.

*

पहिलंच काम टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण. काकांनी तीन तास बफ, म्हणजे पॉलिशचं कापडी चाक, मारला. तोंड दिसायला लागलं! दुकानाचा फोन सांभाळणाऱ्या माझ्या बहिणीला, सुनंदाला, दाखवायला बोलावून आणलं, तर कव्हर पाटीसारखं काळपट. काकांनी चिंच आणि राख लावून घासलं होतं.

"काका, हे पितळ नाही ना!"

"ते मलेबी दिसते. पण चमकलं ना? चमकल्यावर चिंच-राख लावाचीच असते!"

परत तीन तास बफ.

*

दुसरं कव्हर वरून काहीच न लावता दिलं. पावसाळ्यात गिऱ्हाईक पांढरे ठिपके घेऊन हजर. मी छाती काढून सांगितलं, "भाऊ, अ‍ॅल्युमिनियमले श्वास घेऊ द्या लागते."

सुनंदा आतून ओरडली, "श्वास नाही, दमा झाला त्याले!"

गिऱ्हाईक हसलं म्हणून वाचलो.

*

मग मेण. मोबाईलवरच्या व्हिडिओत सांगितलं होतं, पातळ थर लावा. मला वाटलं, पातळ कशाला, गिऱ्हाईक ओळखीचंच आहे, जाड लावू! गाडी वैनगंगेच्या पुलावर पोचली आणि बॉनेटमधून धूर. "अरे, माहं इंजिन जळून राहिलं!" असा फोन आला. काकांनी तो माझ्या हातातून घेतला.

"वास कसा येते?"

"मेणबत्तीवानी."

"मंग काई नाही होत. गाडीचा वाढदिवस समजा!"

*

एवढं झाल्यावर अक्कल आली. उष्णता सोसणारा पारदर्शक क्लिअर कोट नागपूरहून मागवायचा, फवारायचा, भट्टीत तापवून पक्का करायचा. चार दिवस लागतात. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर पुढचं सांगायची लाज वाटते.

अड्याळचे मेश्राम सर, रिटायर्ड शिक्षक. त्यांच्या जुन्या गाडीचं कव्हर आलं. रविवारी त्यांचे जुने विद्यार्थी जमणार होते, आणि हातात दोनच दिवस. गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून मी भांड्यांवर मारतो तीच, तासाभरात वाळणारी लॅकर मारली.

सरांनी विचारलं, "उष्णतेत टिकेल ना?"

"सर, हे इंजिनाचंच आहे."

सरळ तोंडावर खोटं बोललो. रविवारी सरांनी सगळ्यांसमोर बॉनेट उघडलं. "पाहा, भंडाऱ्याच्या कारागिराचं काम!" आत लॅकर पिवळी पडून सायीसारखी सुटलेली.

सोमवारी सर कव्हर घेऊन दुकानात आले. मी खाली बघत होतो. तेच म्हणाले, "माझीच चूक झाली बाबू. गाडी लय तापवली मी."

आणि मी, निर्लज्ज माणूस, काय म्हणालो? "हो सर, जरा जास्तच तापली असन."

काकांनी बफची मोटर बंद केली. माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि पुन्हा चालू केली.

*

कव्हर पुन्हा घासलं, नागपूरचा कोट मारला, भट्टीत पक्कं केलं आणि पाचव्या दिवशी ते घेऊन स्वतः अड्याळला गेलो. एसटीत वाक्य पाठ करत होतो. सर ओसरीत शेजाऱ्याशी बोलत बसले होते.

"जय भीम, सर."

"जय भीम. ये ना, बस." मग शेजाऱ्याला म्हणाले, "हाच तो कारागीर. याचं काम चांगलं, मीच इंजिन तापवलं."

पाठ केलेलं सगळं विसरलो. शेजारी उठून गेल्यावर एका दमात बोललो, "सर, मी खोटं बोललो. ती भांड्यांची लॅकर होती. गाडी तुम्ही नाही तापवली."

"मालूम आहे," सर म्हणाले. "तीस वर्षं विज्ञान शिकवलं मी."

"मंग सर, दुकानात तुमची चूक म्हणून कायले सांगतलं?"

सरांनी कव्हर उन्हात धरून उलटसुलट पाहिलं.

"तुझे काका उभे होते ना तिथं."