भावजींचा शिशाचा हत्ती

आमच्या भावजींना फट सहन होत नसे. ती दाराची असो, पेटीच्या झाकणाची असो, नाहीतर करंजीच्या काठाची. मी करंज्या तळायला घेतल्या की ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहायचे आणि लाटून ठेवलेल्यांकडे बोट दाखवून म्हणायचे, "वहिनी, ती कडेची फुटणार." आणि ती फुटायचीच. मला इतका राग यायचा की एकदा मी ती फुटकी करंजी मुद्दाम त्यांच्याच पानात वाढली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, "इथं दुधाचं बोट कमी फिरलंय," असा निकाल दिला आणि मुकाट्याने खाऊन टाकली.

ते माझे धाकटे दीर, तेव्हा थट्टेला मुभा होती. ठाण्याला इंजिनियरच्या कचेरीत नकाशे उतरवून काढायचे त्यांचे काम. सकाळी कल्याणहून आगगाडीने जायचे, दिवेलागणीला परत यायचे आणि हातपाय धुतले की काहीतरी तासत बसायचे. माजघराचे दार चौकटीत नीट बसत नाही म्हणून एकदा त्यांनी ते बिजागऱ्यांतून उतरवले आणि आम्ही सगळा पावसाळा दाराच्या जागी घोंगडी टांगून काढला. आमचे हे वैतागून म्हणाले, "अरे, होतं तसं काय वाईट होतं?" तर भावजी शांतपणे म्हणाले, "दादा, होतं तसं दार नव्हतंच ते. नुसती फळी होती." भाद्रपदात दार परत बसले तेव्हा मात्र ते एका बोटाने लागायचे, हेही खरे.

"आधी सांधा, मग रंग," हे त्यांचे नेहमीचे बोलणे. कोणत्याही कामाला ते हेच लावायचे. जाऊबाई आल्या तेव्हा नव्या नवरीला त्यांनी पहिले काही शिकवले असेल तर ते हेच, असे आम्ही सासूबाईंसमोर हसून सांगायचो. सासूबाई हसायच्या नाहीत. आपल्या धाकट्या लेकाला कोणी हसलेले त्यांना खपत नसे.

सासूबाईंचे माहेर दूर, एका संस्थानात. लग्नाआधी, लहान असताना, त्यांनी दारातून दसऱ्याची हत्तीवरची स्वारी जाताना पाहिली होती. नंतर त्या कल्याणला आल्या आणि हत्ती पुन्हा काही त्यांच्या दृष्टीस पडला नाही. पण तो त्यांच्या मनातून गेलाही नाही. कपाळावर पिवळा पट्टा, त्यावर निळी वेल, कानांच्या कडेने पांढरे ठिपके आणि अंगावर लालभडक झूल. हे वर्णन आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे पायऱ्यापायऱ्यांची आरास असायची. लाकडी बाहुल्या, मातीची फळे, कापडाचे पोपट. एका वर्षी आरास उतरवताना सासूबाई म्हणाल्या, "गौरीपुढे एक हत्ती हवा होता. तसाच, रंगवलेला. माझे डोळे अधू व्हायला लागलेत रे बाळू, आहेत तोवर एकदा बघेन म्हणते."

भावजींनी त्याच आठवड्यात माती कालवली. लाकडाचा किंवा मातीचा केला असता तर महिन्याभरात उभा राहिला असता. पण आईला हवा म्हटल्यावर तो टिकला पाहिजे, म्हणून धातूचा करायचे ठरले. त्या मातीचे साचे भावजींनी केले आणि शिसे व कथील वितळवून त्यांत ओतले बाजारातल्या धर्मा ओताऱ्याने. हातभर उंच, आतून पोकळ हत्ती, आणि तो एकसंध निघणार नाही म्हणून धडाचे दोन अर्धे, चार पाय, सोंड, कान, अंबारी असे सगळे सुटे. साचे वेगवेगळ्या दिवशी वाळलेले, कोणी जास्त आटलेला, कोणी कमी. सगळे तुकडे ओसरीवर मांडले आणि एकमेकांना लावून पाहिले, तर हत्तीच्या पाठीवर करंगळी जाईल एवढी फट. अंबारी वर ठेवली की एक पाय आखूड असलेल्या पाटासारखी डुगडुगायची. एक कान पुढे, एक मागे.

धर्मा कमरेवर हात ठेवून हसला. "अवो दादा, फटीत लांबीचा लगदा भरा नि रंग द्या. रंग चढला का आतलं कोनाला दिसतंय?"

"मला दिसेल," भावजी म्हणाले.

झाले. कानस सुरू झाली. रोज संध्याकाळी तो खरखर आवाज आणि ओसरीभर करडा कीस. एका बाजूचे घासले की दुसरीकडे पोकळी पडायची. मग तिथे कथील वितळवून डाख द्यायचा, मग डाखाचा उंचवटा घासायचा. सांधा जुळला की नाही याची त्यांची परीक्षाही न्यारी होती. "वहिनी, गुंतवळातला एक केस द्या," म्हणायचे आणि तो केस सांध्यात सरकतो का ते बघायचे. केस आत गेला की पुन्हा सगळे उसकटायचे. मी म्हणायची, "भावजी, माझं डोकं भादरायची वेळ आणणार तुम्ही." पहिला चैत्र असाच गेला. "यंदा पाठ झाली, आई. कान राहिलेत." पुढच्या चैत्रात कान झाले, पण पाय टेकल्यावर हत्ती एका अंगाला कलायला लागला.

सासूबाई कधी घाई करायच्या नाहीत. फक्त मधून मधून विचारायच्या, "रंग आणलास का रे?" वैद्यांचे अंजन चालू होते. मुंबईच्या इस्पितळात मोतीबिंदू काढतात असे ह्यांनी सुचवून पाहिले, पण तिथले पाणी प्यायला त्या तयार नव्हत्या. तांदूळ निवडायचे त्यांनी सोडले. दिवा लावायला मला सांगू लागल्या. घरातल्या वावराची त्यांना इतकी सवय होती की कुठे ठेच लागायची नाही, आणि त्या बोलून दाखवायच्या नाहीत. भावजी तर हत्तीच्या पोटाखाली मान घालून बसलेले.

अखेर तिसऱ्या वर्षी, फाल्गुनात, केस कुठेही जाईना. भावजी त्या दिवशी लहान मुलासारखे घरभर फिरले. रंग आणले, जवसाच्या तेलात खलले आणि दोन करवंट्या घेऊन सासूबाईंसमोर बसले. एका करवंटीत हिंगुळाचा तांबडा, दुसरीत वेलीसाठी निळा.

"आई, वेल एवढी निळी चालेल का? आणि झुलीला हा तांबडा?"

सासूबाईंनी दोन्ही करवंट्यांवर मान वाकवली. बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "दोन्ही तांबडे चांगलेच आहेत. त्यातला गडद घे."

मी पोळपाट घेऊन उभी होते. भावजींनी माझ्याकडे पाहिले नाही. करवंट्या खाली ठेवल्या, आईच्या तोंडासमोर हळूच हात हलवला आणि तो तसाच मागे घेतला. "बरं, गडद घेतो," म्हणाले आणि उठून परसात गेले. 

त्यानंतर त्यांनी रंगाला हात लावला नाही. कचेरीतून येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. करडा हत्ती ओसरीवर उभा होता, इतका सुबक की येणारेजाणारे थांबून बघायचे. कोणी कौतुक केले की भावजी आत निघून जायचे. जाऊबाई माझ्याजवळ रडल्या. शेवटी सासूबाईंनीच त्यांना हाक मारली.

"बाळू, उद्या हळदीकुंकू आहे. हत्ती रंगवायचा आहे."

"आई, आता कशाला?"

"मला दिसत नाही हे तुला आत्ता कळलं. मला केव्हाचं ठाऊक आहे. ऊठ, तुला सांगते कुठे काय येतं ते."

मग त्या भिंतीला टेकून बसल्या आणि सांगत गेल्या. कपाळापासून सुरुवात. पट्टा रुंद नको, दोन बोटांचा. वेल डावीकडून उजवीकडे. ठिपके कानांच्या काठालाच, आत नाहीत. त्या सांगतील ते भावजी रंगवत होते, निमूटपणे, भराभर, एक थर वाळायची वाट न बघता. पिवळ्यात निळा उतरला, झुलीचा तांबडा ओघळून पायांवर आला. एरवी या माणसाने तो हत्ती खरवडून पुन्हा पहिल्यापासून केला असता.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. कैरीची डाळ झाली, पन्हे झाले. एकजण म्हणाली, "अगबाई, तुमच्या हत्तीला घाम फुटलाय." सगळ्या हसल्या. त्या गेल्यावर सासूबाईंनी मला आराशीपाशी न्यायला सांगितले; भावजीही मागोमाग आले. त्यांनी दोन्ही हातांनी हत्ती चाचपला, सोंडेपासून पाठीपर्यंत. रंग अजून ओलाच होता. मग तळवे उघडून आपल्या न दिसणाऱ्या डोळ्यांसमोर धरले.

"लागला का रे हाताला?"

"लागला, आई," भावजी म्हणाले.

"तांबडा?"

"तांबडा."

"मग झालं की. छान केलास हो." त्यांनी तसल्याच हातांनी भावजींचे तोंड कुरवाळले.

मला वाटले, आता हा माणूस सुटला. पण मी रात्रीची निरवानिरव करताना ते मागच्या दारी माझ्यापाशी आले. गालावरचा रंग त्यांनी धुतला नव्हता. म्हणाले, "वहिनी, ती रागावली असती तर बरं झालं असतं. चार माणसांत बोलली असती, आंधळी होईपर्यंत घासत बसला म्हणून. हे मला सोसत नाही." 

सासूबाई पुढच्या थंडीत गेल्या. कामांतली भावजींची हौस त्याआधीच गेली होती. कोणी काही मागितले की ते तिथल्या तिथे करून द्यायचे, वाकडे तर वाकडे. पाळण्याला दोरी हवी, द्या बांधून. आमच्या मुलीने चूल मागितली, तर तासाभरात विटा लावून दिल्या, आणि ती भातुकलीच्या पहिल्याच दिवशी कोसळली. तिला गंमत वाटली. मला ते बघवत नसे.

मग त्यांची बदली झाली, थेट खानदेशात. बैलगाडीत सामान चढत होते, जाऊबाई आत बसल्या होत्या. मी हत्ती फडक्यात बांधून आणला आणि म्हटले, "हा घेऊन जा. तुमचा आहे."

त्यांनी फडके उघडले नाही. वरूनच त्यावर हात ठेवला.

"पहिल्याच वर्षी धर्माचं ऐकायला हवं होतं, वहिनी. फटी दिसल्या असत्या, डुगडुगला असता. पण आईला तांबडा दिसला असता."

एवढे बोलून ते गाडीत चढले. हत्ती माझ्या हातात राहिला.