तीन भाकरी भागिले चार

आमच्या घरात दोननंतर चार येतात. मी गणिताची शिक्षिका आहे.

मधला आकडा कुठं गेला ते माझ्या सासूबाईंना विचारा. आमच्या आत्याबाईंच्या (सासूला आमच्याकडं आत्याबाईच म्हणतात) राज्यात ताटात तीन भाकरी वाढणं म्हणजे घरावर संकट ओढवून घेणं. तिसरी वाढायचीच वेळ आली, तर तिच्यासोबत एक बारका तुकडा मोडून ठेवायचा. म्हणजे मग तीन होत नाहीत, तीन आणि थोडं होतं! लग्न झाल्यापासून मी ते तुकडे निमूट खातेय. पण घरातलं घरात. शाळेत तीन म्हणजे तीनच, अशी माझी भाबडी समजूत होती.

पेडगावच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्याच शाळेत मी शिकवते. त्या महिन्याची शिक्षण परिषद आमच्याकडं होती. आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक येणार, मी सहावीला अपूर्णांकांचा नमुना पाठ घेणार, आणि केंद्रप्रमुख साहेबांना तो पसंत पडला तर तोच पाठ जिल्ह्यापुढं घ्यायला परभणीला जाणार. मला जायचंच होतं, लपवायचं काय त्यात! गेल्या वर्षी आमच्याच शाळेतले जाधव सर पुठ्ठ्याची वर्तुळं घेऊन जाऊन आले आणि वर्षभर त्यांचंच कौतुक ऐकावं लागलं. "पुठ्ठ्यानं काय शिकवायचं? पोरांच्या ताटातलं काहीतरी घ्या की," असं मी सगळ्यांसमोर बोलून बसले होते. म्हणून भाकरी. तीन भाकरी चौघांत वाटायच्या, प्रत्येकाला पाऊण. इतका सोपा पाठ!

"आत्याबाई, सकाळी मला तीन भाकरी लागतील. मोजून तीन."

"माय माय! तीन कुणाला गं?"

"कुणाला नाही. शिकवायला."

"वैऱ्याला बी कुणी तीन देत न्हाई, अन् तू लेकरायला देणार?"

"खायला नाही हो, भागाकार करायला!"

"भागाकार कर न्हाईतर गुणाकार कर, तीन त्या तीनच."

मी नवऱ्याकडं बघितलं. हे मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "आई, दे की तिला तीन. अन् तू चार धर. मिटला प्रश्न!" (हे बँकेत आहेत.)

सकाळी फडक्यात बांधून भाकरी तयार. "तीनच आहेत ना?" मी दरडावून विचारलं.

"तीनच हायेत बाई, जा."

वर्गात साहेब मागच्या बाकावर, त्यांच्या शेजारी जाधव सर. मी ऐटीत फडकं सोडलं. तीन भाकरी. आणि त्यावर एक बारका तुकडा!

माझं डोकंच फिरलं. तरी हसून विचारलं, "मुलांनो, किती भाकरी आहेत?"

"तीन आणि थोडी!" सगळा वर्ग एका सुरात.

तुकडा उचलला खरा, पण ठेवायचा कुठं? टाकला तोंडात. (भर पाठात शिक्षकानं शैक्षणिक साहित्य खाल्ल्याची आमच्या केंद्रातली ही पहिलीच वेळ असावी.) भरल्या तोंडानं म्हटलं, "आता किती?"

"आता तीन," पहिल्या बाकावरची रेणुका उठत म्हणाली. "पण मॅडम, तीन ठेवत नसतेत!" आणि तिनं तिसऱ्या भाकरीची कड मोडून बाजूला ठेवली.

"रेणुका!!"

"आमची आई बी असंच करती, मॅडम."

म्हणजे गावभर आत्याबाईच! राग गिळला, फळ्यावर तीन छेद चार लिहिलं आणि चार पोरं पुढं बोलावली. एकेका भाकरीचे चार सारखे भाग करा म्हटलं. पवननं मन लावून पहिली भाकरी घेतली आणि तिचा वरचा पापुद्राच सोलून काढला!

"हे काय करायलास?"

"आधी दोन भाग केले, मॅडम." पापुद्रा स्वतःला ठेवून त्यानं खालचं बूड रेणुकाला दिलं.

"मला बूड नको!" रेणुका भडकली. "याला अर्धी म्हणतेत का?"

बरोबरच होतं तिचं, पण साहेबांसमोर कोणत्या नियमानं समजावू? जाधव सर रुमालात खोकले. "पुठ्ठ्याला पापुद्रा नसतो, मॅडम," ते हळूच म्हणाले. असा संताप आला म्हणून सांगू!

अपूर्णांक गेले खड्ड्यात, निदान पूर्णांक तरी वाचवू म्हणून मी फळ्यावर संख्यारेषा काढली. भाकरी तीन, माणसं चार. तीन वजा चार? उणे एक! ठळक अक्षरांत लिहिलं. "म्हणजे किती कमी पडल्या?"

"एक!"

"शाब्बास!"

"कमी कामून पडंल?" दारातून आवाज आला. "आणली की!"

डोक्यावर पदर, हातात फडकं, फडक्यात चौथी भाकरी आणि वर ठेच्याची वाटी. आत्याबाई! "तवापासून जिवाला चैन पडंना गं. लेकरायला तीन दिल्या म्हणून."

चौथी भाकरी मेजावर येताच रेणुकानं डस्टर उचलून माझा उणे एक पुसून टाकला. "आता उणे न्हाई, मॅडम!" पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"मग प्रत्येकाला किती आली?" साहेबांनी विचारलं.

"एक! अख्खी!"

फळ्यावर माझं तीन छेद चार तसंच उभं. मला रडू यायचंच बाकी राहिलं होतं. "साहेब, आता तुम्हीच यांना सांगा!"

"सांगा की," आत्याबाई म्हणाल्या. "तुमी घरी तीन खाता का?"

साहेब जरा चुळबुळले. "न्हाई मावशी. आमची आई बी वाढत नव्हती," म्हणाले आणि रेणुकानं मोडून ठेवलेली कड उचलून त्यांनी ठेच्याला लावली.

जाताना म्हणाले, "मॅडम, वर्ग रंगला, पण पाऊण काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा घ्या, जमला तर परभणी पक्की. भाकरी नको. पुठ्ठा आणा." हे जाधव सरांच्या देखत!

घरी जाऊन मी घर डोक्यावर घेतलं. "माझ्या सामानाला कुणी हात लावायचा नाही!" आत्याबाई "बरं बाई" म्हणाल्या. दार लावून मी एकटीनं कात्री चालवली, धुसफुसत वर्तुळं कापली, पिशवीत भरली आणि पिशवी कपाटात ठेवून किल्ली स्वतःजवळ ठेवली.

परभणीला यंदाही जाधव सरच गेले, हे आत्ताच सांगून टाकते. कारण आठवड्यानं मी त्याच वर्गात, त्याच साहेबांसमोर पिशवी मेजावर उपडी केली, तर पुठ्ठ्याची तीन वर्तुळं पडली. आणि मागून एक बारका तुकडा. पुठ्ठ्याचाच. कात्रीनं नीट कापलेला.

मी दाराकडं बघितलं. आत्याबाई नव्हत्या. किल्ली माझ्याच पर्समध्ये होती.

"तीन आणि थोडं!" वर्ग ओरडला आणि जो हसत सुटला, तो तास संपेपर्यंत आवरेना. मी घाईघाईनं तो तुकडा उचलला.

"खाऊ नका, मॅडम," मागच्या बाकावरून जाधव सर काळजीनं म्हणाले. "पुठ्ठा आहे."