राजमाचीभोवती हंस

दुसऱ्याच्या वस्तूला खळ लावू नये, हे सांगायला काही शास्त्र वाचावं लागतं का? आमच्या हेडमास्तरांनी लावली. चांगली दाट, गव्हाच्या पिठाची लावली आणि वर सुवाच्य अक्षरातल्या चिठ्ठ्या डकवल्या. इतकी वर्षं झाली, पण आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी तेव्हा कर्जतला शाळेत चित्रकला शिकवत होतो. पगार बेताचा आणि छंद जगावेगळा: फ्लँडर्स म्हणून बेल्जियमकडचा सपाट मुलूख आहे, तिथल्या किल्ल्यांची, तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली जुनी चित्रं गोळा करायचा. पहिलं चित्र माथेरानला मिळालं. लढाई सुरू झाली तेव्हा एक मडम बंगल्यातलं सामान विकून मायदेशी निघाली होती. हे फ्लँडर्सचं, तीनशे वर्षांपूर्वीचं आहे आणि खाली किल्ल्याचं नाव आहे, असं तिनेच सांगितलं. बाकीची सहा मी मुंबईत रद्दीवाल्यांच्या तराजूतून ओढून काढली. लढाईत कागदाची इतकी टंचाई होती की मी गेलो नसतो तर त्या किल्ल्यांत चणे-फुटाणे बांधले गेले असते.

तांब्याच्या पत्र्यावर टोकदार हत्याराने रेघा कोरायच्या, त्यांत शाई भरायची, वर ओला कागद ठेवून जोरात दाबायचा. पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर उमटतो, बोट फिरवलं की हाताला लागतो. माझ्या चित्रांत डोंगर औषधालाही नव्हता. सपाट जमीन, मध्ये टोकदार छपरांचे बुरूज, भोवती पाणी, पाण्यात हंस. आणि तळाशी बारीक, तिरप्या रोमन अक्षरांच्या दोन ओळी. किल्ला कुठला, कुणाचा, कोरला कुणी, ते सगळं त्या ओळींत. भाषा मला येत नव्हती. कुणी जाणकार भेटला की वाचून घेऊ, असं मी आठ वर्षं म्हणत होतो.

बायको म्हणायची, "अहो, खिडकीतून राजमाची दिसतेय, ती बघा की. फुकट आहे, आणि पुसावीही लागत नाही." मी हसण्यावारी न्यायचो.

स्वातंत्र्य मिळालं त्या हिवाळ्यात शाळेत किल्ल्यांचं प्रदर्शन ठरलं. हेडमास्तर म्हणाले, "मास्तर, तुमची चित्रं द्या. जगात किल्ले कसे असतात ते पोरांना दिसू दे." मी हुरळलो. एवढ्या वर्षांत माझी चित्रं कुणी बघायलासुद्धा मागितली नव्हती. मुलांना रेघ जवळून दिसावी म्हणून मी ती काचेतून काढली आणि सातही स्वतः नेऊन दिली.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी हॉलमध्ये पाऊल टाकलं. पहिल्या चित्राखाली चिठ्ठी: राजमाची. दुसऱ्याखाली प्रबळगड. तिसऱ्याखाली इर्शाळगड. अहो, इर्शाळगड! ज्याच्या सुळक्यावर माणसाला धड बसता येत नाही, त्याच्याभोवती होडी वल्हवत चाललेला माणूस! आणि चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या त्या नेमक्या तळाच्या दोन ओळींवर.

"सर, हे काय केलंत?"

"आपल्या किल्ल्यांची चित्रं मिळतात कुठे?" हेडमास्तर शांतपणे म्हणाले. "किल्ला तो किल्ला. मुलांना कल्पना आली म्हणजे झालं. आणि ते खालचं परकं लिखाण आता कशाला? साहेब गेला की."

डोंबलाची कल्पना! "ते साहेबाचं नव्हतंच हो, बेल्जियमचं होतं!" मी ओरडलो. पण तोवर लोक यायला लागले होते. कचेरीतले कारकून 'वा, काय वैभव होतं आपलं!' म्हणत माना डोलावून गेले. एकालाही हंस खटकले नाहीत.

खटकले ते राजमाचीच्या पायथ्याच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला. त्याने वाकून, डोळे बारीक करून चित्र पाहिलं. "मास्तर, ही राजमाची नाय. मी वर गुरं चारलीत. तळं हाय तितं, पन किल्ला काय तळ्यात नाय बसला." मला त्याला मिठी मारावीशी वाटली. मग त्याने विचारलं, "तर मंग हा कुठला?"

"खाली नाव आहे ना, हे बघा!" असं म्हणून मी चिठ्ठीचं टोक धरलं आणि ओढलं. पाणी लावून हळूहळू सोडवायला हवी, हे चित्रकलेच्या मास्तराला कळत नव्हतं का? कळत होतं. पण राग आवरला नाही. चिठ्ठीबरोबर कागदाचं सालपट निघालं आणि दोन्ही ओळींच्या चिंध्या झाल्या, एक अक्षर लागेना.

हेडमास्तर पुढे आले. टोमणा नाही, काही नाही. "चुकलं माझं, मास्तर. खरं नाव सांगा, आत्ताच्या आत्ता लिहितो." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मी तोंड उघडलं. कॅस्टेलम... एवढा एक शब्द आठवला, आणि तो सातही चित्रांवर होता. पुढे काय? आठ वर्षं रोज सकाळी चहा पिताना मी त्या ओळींकडे बघत होतो. एकदाही वहीत उतरवून घेतल्या नाहीत. त्याला भाषा कशाला लागत होती? एबीसीडीच तर होती. वर्गात पोरांना मात्र दिवसभर 'नीट बघून काढा रे' म्हणून ओरडत होतो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ऱ्हाऊ द्या मास्तर," म्हातारा म्हणाला आणि पुढच्या चित्राकडे वळला.

बाकीच्या सहा चिठ्ठ्या मी घरी दोन दिवस खपून, पाणी लावून सोडवल्या. ओळी बऱ्याचशा शाबूत राहिल्या, त्या लगेच वहीत उतरवल्या. हेडमास्तरांवरचा राग काही गेला नाही, आणि का जावा? खळ त्यांनीच लावली होती. पण ते फाटलेलं चित्र अजून आमच्या भिंतीवर आहे. कुणी विचारलं, हा किल्ला कुठला, की बायको माझ्या आधी सांगून टाकते, "राजमाची." चूक आहे, साफ चूक आहे, असं ओरडावंसं वाटतं. पण बरोबर काय ते मला सांगता येत नाही.