थोआनच्या आईचं बोट

आमच्या दलदलीतल्या बेटावर माणसं मोजायची वेळ आली की शाईची बाटली न्यादाकच्याच हातात असायची. जेवढ्या बोटांना शाई, तेवढीच मदतीची ज्वारी विमानातून पडते, म्हणून हे काम भरवशाच्या माणसाचं. मी दोरीजवळ रांग सांभाळायचे आणि ओरडायचे, कारण हळू बोलणं मला जमत नाही. न्यादाकला मी लेकाच्या नावाने थोआनच्या आई म्हणायचे. थोआन लढाईत गेला, प्रेत सापडलं नाही. शेवटी तिनेच बैल कापून त्याचं कार्य उरकलं आणि त्याचा जीव बैलाबरोबर पाठवून दिला.

आणि मग तो परत आला. लव्हाळ्यातून, ओला, नुसती हाडं. कुणी पळालं नाही, कुणी रडलंही नाही. एकदा पाठवलेला जीव माघारी आणायचा विधी आम्हा नुएर लोकांत नाही. अशाने चुलीपाशी बसावं, वाढलेलं खावं, पण त्याला माणसांत धरत नाहीत. त्याची सावली दारात पडली की माझ्यासारखी तोंडाळ बाईसुद्धा गप्प व्हायची. भीती वाटायची मला, खोटं कशाला बोलू?

मोजणीला तो रांगेत उभा राहिला. त्याच्या पुढे-मागे जागा मोकळी.

"हा कुणाचा? बोट दे, लवकर," राजधानीतून, जुबाहून आलेला मोजणीचा साहेब म्हणाला.

"तो नाही मोजायचा!" म्हातारा कुएय काठी आपटत पुढे आला. "मेलेल्याला जिवंतांत बसवलंत, तर तो कुणाला तरी उठवून जागा घेणार. कुणाचं लेकरू देतेस, न्यादाक? बोल ना!"

"माझं लेकरू समोर उभं आहे."

"त्याला तूच पाठवलंस, बाई."

"आई, राहू दे," थोआन म्हणाला. "मी जातो लव्हाळ्यात. तिथं पुष्कळ जण आहेत."

"गप बस. बोट पुढे कर."

तिने त्याचं बोट शाईत बुडवलं आणि बाटलीला झाकण लावलं. एरवी सगळ्यात शेवटी ती स्वतःचं बोट बुडवायची.

"आणि तुमचं?" साहेबाने विचारलं.

"एक आत आला, एक बाहेर गेली. झाला हिशेब."

कुएयने मान डोलावली. मला मात्र तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

ज्वारी पडली. लोकांनी थोआनला नावाने हाक मारून त्याची गोणी दिली. आता पोरं त्याच्या अंगाखांद्यावर खेळतात, आणि कुएय त्याच्यासाठी मुलगी बघतोय. न्यादाक लेकाच्याच चुलीपाशी बसते, वाढलेलं खाते. तिच्याकडे कुणी बघत नाही.

मी रोज मुद्दाम घसा ताणून ओरडते, "थोआनच्या आई, चला पाण्याला!" ती ओ देते, घागर उचलते आणि माझ्या शेजारून चालते.

परवा वाटेत आम्हा दोघींना थोआन भेटला. माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "मावशी, एकटीच कुणाशी बोलतेस गं?"