आवाज हरवल्याची तक्रार

पनवेलला उपनिरीक्षक असताना माझ्यापुढे आलेली एक तक्रार अजून डोळ्यांसमोर आहे. कारण ती कुठल्याच कलमात बसत नव्हती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जासईचे एक निवृत्त गुरुजी पत्नीसह पोलीस ठाण्यात आले. घशाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज कायमचा गेला होता. ठाणे अंमलदाराने त्यांना दिवाणी कोर्टाचा रस्ता दाखवला, पण बाई हलेनात. शेवटी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

"सायेब, यांचा आवाज चोरीला गेलाय. लिवून घ्या," बाई म्हणाल्या.

गुरुजींनी कागदावर लिहून दिलं तेव्हा उलगडा झाला. बोटीवर नोकरी करणाऱ्या भावाने त्यांना लॅपटॉप दिला होता. ऑपरेशनआधी त्यांनी त्यात होणाऱ्या नातवंडासाठी चौदा गोष्टी आपल्या आवाजात भरून ठेवल्या. आवाजाला जागा फार लागते. हार्ड डिस्क भरली, म्हणून पनवेलच्या एका दुकानदाराकडून मोठी बसवून घेतली. पत्रं, टिपणं नव्या डिस्कवर आली. गोष्टी आल्या नाहीत. 'जुनी डिस्क खराब होती, फेकून दिली,' असं दुकानदाराने सांगितलं.

मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि एका हवालदारांना दुकानदाराची माहिती काढायला सांगितलं. दोन दिवसांनी ते आले.

"साहेब, तो माझ्या बहिणीच्या शेजारीच राहतो. एकटाच असतो. पण बहीण म्हणते, रोज संध्याकाळी त्याच्या घरात कोणीतरी म्हातारा गोष्ट सांगतो. मध्येच थांबतो, परत पहिल्यापासून सांगतो."

दुकानदाराला बोलावून घेतलं. चाळिशीचा, नीटनेटका माणूस. खोटं बोलणारे सहसा न विचारलेलंही सांगतात. हा एकच वाक्य धरून बसला होता, "फेकून दिली."

मी चहा मागवला आणि विचारलं, "संध्याकाळी तुमच्या घरी गोष्ट कोण सांगतं?"

त्याने कप खाली ठेवला. डोळे भरून आले.

"सगळं आलंय की नाही हे न तपासताच मी काम झालं म्हणून सांगितलं, साहेब. ते परत आले तेव्हा घाबरलो. फेकली म्हणालो. घरी जाऊन डिस्क लावली, तर गुरुजी बोलायला लागले. ती दहा मिनिटं चालते आणि बंद पडते. एकेक गोष्ट काढतोय."

"मग त्यांना सांगितलं का नाही?"

"कुठल्या तोंडानं सांगू?"

आठवड्याने तो स्वतः ठाण्यात आला. गुरुजींना आणि बाईंनाही मी बोलावून घेतलं होतं. गुरुजींचा लॅपटॉप माझ्या टेबलावर उघडला. तेरा गोष्टी वाचवता आल्या होत्या, एक गेली होती. त्याने पहिली लावली. खणखणीत आवाज खोलीभर पसरला. गुरुजी मान खाली घालून ऐकत होते. मध्ये आवाजाला धाप लागली, तशा बाई पुढे सरकल्या आणि त्या आवाजालाच म्हणाल्या, "हलू बोला, दमाल."

कोणी हसलं नाही.

गेलेल्या गोष्टीचं नाव गुरुजींनी कागदावर लिहिलं. मी ते बाईंना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "ती मला पाठ हाय. मी सांगन. माजा आवाज भरून घ्या."

दुकानदाराने तिथेच भरून घेतला. तक्रार मागे घेतल्याचा जबाब मी लिहिला. गुरुजींनी सही केली आणि दुकानदाराच्या पाठीवर हात ठेवला.

तोवर माझा समज होता, माणूस वस्तू लपवतो ती लोभापायी. लाजेपायीही लपवतो, हे मला तेव्हा कळलं. पुढे चौकशीला बसलं की "का लपवलंस?" याच्या आधी मी "कशाची भीती वाटली?" असं विचारू लागलो. पुष्कळजण त्याचं खरं उत्तर देत.