शैलेंद्रची नितळ बिअर

परदेशात, स्कोफिल्ड्स नावाच्या उपनगरातल्या नव्या घराच्या गॅरेजात गाडी कधी शिरलीच नाही. तिथे शैलेंद्र बिअर बनवायचा. पॅरामॅटाच्या ऑफिसात इतरांच्या चुका काढणं हा त्याचा धंदा, आणि स्वतःची एकही न मानणं हा स्वभाव. त्याच्या बायकोला, अंजूला, हल्ली त्याचा रागही येत नसे. नुसती कीव यायची. अर्ध्या हळकुंडाने इतका पिवळा झालेला दुसरा माणूस तिने पाहिला नव्हता.

त्याची बिअर गढूळ व्हायची. त्यावरून त्याचा मित्र यतीन एकदा हसला, तर या पठ्ठ्याने शनिवारी सगळ्या मित्रांना जेवायला बोलावलं आणि काचेसारखी नितळ बिअर पाजायची प्रतिज्ञा केली. एका स्टीलच्या पिंपातली बिअर गॅसच्या दाबाने ढकलायची, वाटेत पाण्याच्या फिल्टरमधून गाळायची आणि दुसऱ्या पिंपात भरायची, असा बेत होता. दाब वाढला की पिंपावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसायचा. गॅस वाया जातो म्हणून दीडशहाण्याने त्यावर गळका नळ बुजवायला पुण्याहून आणलेली लांबी थापली.

शनिवारी दुपारी फिल्टर गाळाने तुंबला.

"अंजू, इथे उभी राहा आणि फिल्टर घट्ट धर. मी प्रेशर वाढवतो."

"व्हॉल्व्ह बुजवलास? कुकरची शिट्टी बुजवतं का कुणी?"

"कुकर वेगळा. हे सायन्स आहे. तू फक्त धर, नो वरीज."

"तुझं सायन्स तूच धर," म्हणत ती आत निघून गेली.

शैलेंद्रने फिल्टर टेबलाला दोरीने बांधला आणि लांब उभं राहून गॅस सोडला. धडाका ऐकून अंजू धावत आली. छतावरून बिअर ठिबकत होती आणि नवरा धडधाकट, पण निथळत उभा होता. सिलिंडर अजून चालूच. तोही तिनेच बंद केला.

संध्याकाळी पाहुण्यांसाठी दुकानातल्या बाटल्या आल्या. "सगळं परफेक्ट होतं रे," शैलेंद्र यतीनला सांगत होता, "ऐन वेळी हिने धरलं नाही." नाचता येईना अंगण वाकडं.

अंजूने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि सगळ्यांना गॅरेजात नेलं. फिल्टरच्या प्लॅस्टिकचा सुरीसारखा तुकडा भिंतीत रुतला होता. नवऱ्याने दाखवलेल्या जागी ती जाऊन उभी राहिली. तुकडा तिच्या टिकलीच्या बरोबर मागे झाकला गेला.

यतीनने ग्लास टेबलावर ठेवला. शैलेंद्र भिंतीकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "प्लॅस्टिकच हलकं होतं."