अंगठ्याची नानकटाई

भट्टीतून निघालेला पाव चाचा डाव्या तळहातावर पालथा घ्यायचे, त्याच्या बुडावर दोन बोटांनी टकटक करायचे आणि कान लावून विचारायचे, "हाय का कोन घरात?" आतून पोकळ आवाज आला की पाव भाजला. नाही आला तर, "झोपल्यात अजून," असं सांगून परत भट्टीत.

जुन्नरच्या पेठेत त्यांची बेकरी आणि समोर माझं फोटो फ्रेमचं दुकान. म्हणजे मला तिकीट न काढता रोजचा खेळ. तुम्ही कधी त्या बाजूला आला असाल तर चाचांना पाहिलंच असेल. डोक्यावर जाळीची टोपी, पोटावर पिठाचा नकाशा आणि उजव्या हाताचा अंगठा इतका रुंद, की पायाचा चुकून हाताला बसवलाय असं वाटावं.

युक्रेनची लढाई सुरू झाली आणि चाचांना बहर आला. मैदा चढला, तेल चढलं, तसा पाव बारीक झाला. कोपऱ्यावरचा मिसळवाला पाव डोळ्यांसमोर धरून म्हणायचा, "चाचा, पाव हाय का शर्टाचं बटण?"

"लढाई हाय, राव. तोफंच्या तोंडातनं एवढाच वाचला."

बेकरीतल्या टीव्हीवर हिंदी बातम्या किंचाळायच्या आणि त्यांचं मराठी चाचा करायचे. दोन्ही देशांची नावं त्यांनी केव्हाच रद्द केली होती. एक थोरला, एक धाकटा. "भाऊबंदकीच हाय की. थोरल्यानं बांध कोरला. धाकटा म्हनला, मोजणी आण. थोरल्यानं रणगाडा आणला." गिऱ्हाईक हसायचं, पण जरा जपून, कारण आमच्या तालुक्यात बांध न कोरलेला माणूस सापडणं अवघड. मग चाचा आवाज खाली आणायचे. "पर दोघांचा गहू जगाच्या ताटात. भांडण ह्यांचं, अन् उपाशी कोन? ज्याचा त्या शिवारात पाय बी पडला न्हाई, त्यो."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण प्रेक्षक वाढले की नट बिघडतो. उन्हाळ्याच्या तोंडाला आपल्याकडचा गहू निघाला आणि चाचा सल्ले द्यायला लागले. "गहू इकू नका. तिकडं जहाजं अडकल्यात. आपल्या गव्हाला सोन्याचा भाव येतोय."

निमगाव सावा गावची एक ताई दर बाजाराला पाव न्यायला यायची. फार बोलणारी नव्हती. त्या दिवशी मात्र ती थांबली. "चाचा, खरंच ठिवू का? पोरीचं लगीन झालंय. तिचा पयला दिवाळसण ह्याच गव्हावर हाय."

"ठिव ताई, बिनधास. मी हाय की."

तिने ठेवला. आणि सरकारने गहू परदेशी पाठवायला बंदी घातली. व्यापाऱ्यांनी हात आखडले, भाव उतरला, तिचा नवरा घाबरला आणि मिळेल त्या भावाने पोती घालवून मोकळा झाला. पुढे गहू पुन्हा चढला, पण तेव्हा तो व्यापाऱ्याच्या गोदामात आरामात बसला होता.

बेकरीतला टीव्ही बंद झाला. "बिघडलाय," चाचा म्हणाले. मी पाहिलं, प्लग काढून ठेवला होता. महिने गेले, तो तसाच.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. दिवाळीच्या आधी गावोगावच्या बाया मैदा, रवा, साखर, तूप डब्यात भरून बेकरीत आणतात आणि बेकरीवाला मजुरी घेऊन त्याची नानकटाई करून देतो. माल एकमेकींत जाऊ नये म्हणून प्रत्येकीची खूण ठरलेली. कोणाचा बदाम, कोणाची चारोळी, कोणाच्या काट्याच्या रेघा. गावात फराळाची ताटं फिरतात तेव्हा ही खूण म्हणजे सही. खुसखुशीत निघाली तर वर्षभर मान आणि दगड निघाली तर वर्षभर चर्चा.

त्या दिवाळीला निमगाव सावाच्या सात-आठ जणी एका जीपने आल्या, डबे ठेवून बाजारात पांगल्या. चाचा एकेक झाकण उघडून वास घेऊ लागले. पहिला डबा त्यांच्यातल्या थोरलीचा, सगळ्यांच्या मोठ्या वहिनींचा. त्यांच्या गाईच्या तुपाला गाईपेक्षा जास्त लोक ओळखत. शेवटचा डबा त्या ताईचा, लवंगेच्या खुणेचा. आत घरच्या उरल्यासुरल्या गव्हाचं पीठ, साखर बेताची आणि तूप बोटाला लागेल एवढं.

"दगड व्हनार," चाचा म्हणाले. "जावई यायचाय. अन् ह्यो डबा जायचाय निरगुडसरला, व्याह्यांच्या घरी."

"तुमच्याकडचं तूप घाला की थोडं," मी म्हणालो.

"मानी बाई हाय. एकटीलाच दिलं तर डबा हितंच ठिवून जाईल. तू फ्रेमा कर."

मी फ्रेम करत होतो खरा, पण पुढचं पाहून हातातली काच खाली ठेवली. चाचांनी मळायची मोठी लाकडी काथवट ओढली आणि सगळेच्या सगळे डबे तिच्यात पालथे घातले. गाईचं तूप, वनस्पती तूप, मैदा, घरचं पीठ, सगळं एकत्र. मळून झाल्यावर गोळ्यागोळ्यावर तो जगप्रसिद्ध अंगठा दाबला.

दुपारी जीप आली.

"चाचा, माझा बदाम?" मोठ्या वहिनींचा आवाज एसटी स्टँडपर्यंत गेला असणार.

"आत हाय. वाटून घातला."

"अन् ही खूण कसली?"

"माझा अंगठा. लढाई चालू हाय, वहिनी. खुणा बंद."

"आन् माझं गाईचं तूप? कुनाकुनाच्या डब्यात गेलं?"

"बंदी परदेशी पाठवायला हाय. शेजारणीला द्यायला न्हाई."

जीपवाला हसला, तर जाता जाता त्याचाही उद्धार झाला. बाकीच्या जणी आपापल्या तुपाचं गुणगान करू लागल्या. त्या दिवशी पेठेत एकही बाई वनस्पती घालणारी निघाली नाही. वहिनींनी एक नानकटाई उचलली. रंग जरा तांबूस होता. त्यांनी ती तोडून तोंडात टाकली आणि चावता चावता त्यांची नजर ताईवर गेली. ती कोपऱ्यात, डब्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून उभी होती. वहिनी बराच वेळ चावत राहिल्या. नानकटाई खरं तर केव्हाच विरघळली असणार.

"माझ्या तुपानं तारली समद्यांना," त्या म्हणाल्या. "चला गं. जीप थांबायची न्हाई."

ताई सगळ्यांत शेवटी निघाली. उंबऱ्यावर थांबून तिने वर, काळ्या पडद्याकडे पाहिलं.

"चाचा, आता टीव्ही लावा की."

चाचांनी प्लग खोचला. थोरला आणि धाकटा तिथेच होते, बांधावर.

अजूनही आहेत. चाचा मात्र मागच्या थंडीत गेले. बेकरीचं शटर बंद आहे. चार दुकानं सोडून विजेच्या भट्टीवाला एक तरुण आलाय. या दिवाळीला निमगाव सावाची जीप त्याच्या दारात थांबली. बायांनी कोणी न सांगता सगळे डबे एकाच परातीत पालथे घातले. तो फुलाचा साचा घेऊन आला, तर मोठ्या वहिनी म्हणाल्या, "फूल नगं. अंगठा."

त्याने दाबला. मोबाइलवर घासून घासून त्याचा अंगठा शेंगेएवढा झालेला. मग एकेकीने आपापला दाबून पाहिला. शेवटी ताई मला बोलवायला आली. "भाऊ, तुमचा अंगठा द्या जरा."

मी गेलो. हात धुतले, पुसले आणि सगळा जीव एकवटून अंगठा दाबला. सगळ्याजणी वाकून बघत राहिल्या.

"भाऊ," वहिनी म्हणाल्या, "तुमी फ्रेमाच करा."

आणि दाबलेले गोळे पुन्हा वळून नानकटाई बिनखुणेचीच भट्टीत गेली.